गळती आणि इंटिग्रेटेड

शिक्षण अर्धवट सोडण्याला शिक्षण खात्याच्या परिभाषेत ‘गळती’ म्हणतात. मात्र अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या उपनगरांत पालकांनी भरभक्कम शुल्क मोजले की त्याच क्रियेला ‘इंटिग्रेटेड’ असे भारदस्त नाव मिळते, म्हणजे विद्यार्थ्याचे नाव कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर राहते आणि देह जेईई-नीटच्या क्लासमध्ये. अशा घरांत अकरावी सोडावी की नाही हा प्रश्नच पडत नाही, कारण ती न सोडता सोडलेली असते. जर्नलवरच्या सह्या तेवढ्या बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेआधी एकगठ्ठा उरकतात. यावर उपाय म्हणून 2018 साली शासनाने मुंबईसह काही विभागांतील विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरी, म्हणजे बोटाच्या ठशावरून उपस्थितीची नोंद, फर्मावली. यंत्रावरची ही श्रद्धा (फळ्यावरची नव्हे) हृद्य होती. याउलट नववीनंतर घरखर्चासाठी शाळा सोडणाऱ्याच्या वाट्याला 17 नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता खासगीरीत्या परीक्षेस बसण्याचा अर्ज, आणि शिवाय नातेवाइकांचे टोमणे येतात. 2009 चा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा तर चौदाव्या वर्षीच त्याचे बोट सोडतो. वर्गाबाहेर दोघेही असतात. गळती म्हणून मोजला जातो तो मात्र हा दुसराच.