पोकळ पोटाची व्यवस्था

बव्हेरियात एर्लांगेन शहराच्या किंचित उत्तरेस बुबेनरॉइट नावाचे एक गाव आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातून जर्मनभाषक रयतेची जी सरसकट हकालपट्टी झाली, तीत शोनबाख या गावचे पिढीजात व्हायोलिनकार हातांतील कसबाखेरीज फारसे काही बरोबर न घेता देशोधडीस लागले, आणि १९४९ च्या सुमारास अवघ्या काही शेकड्यांच्या वस्तीच्या या खेड्याने, आपल्यापेक्षा संख्येने कितीतरी अधिक असलेल्या या पाहुण्यांना कायमचे वसवून घेण्याचा ठराव केला. गावाने असा ठराव करावा, तो अंमलातही आणावा, आणि पुढे वर्षानुवर्षे घरोघर चाललेली रंध्या-कानशींची खरखर निमूटपणे सोसावी, ही गोष्ट ज्याने आपल्याकडील एखाद्या हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेत पिठाच्या गिरणीच्या परवानगीचा विषय निघालेला पाहिला आहे, त्यास पुराणांतरीचीच वाटेल.

या निर्वासितांत कार्ल होफ्नर याने १८८७ साली स्थापन केलेली वाद्यांची पेढीही होती. त्याचा पुत्र वाल्टर होफ्नर याने १९५५ साली असा विचार केला की, जाझच्या वाद्यवृंदात पुरुषभर उंचीचा डबल बेस कवटाळून उभे राहणारे जे वादक आहेत, त्यांच्या हाती विजेवरचे आटोपशीर वाद्य तर द्यावे, परंतु ते घेताना धर्मांतर केल्याची बोचणी मात्र त्यांच्या मनास लागू देऊ नये. त्याची मूळ विद्या व्हायोलिनची. तेव्हा त्याने व्हायोलिनच्याच घाटाचे, कमरेत चिमटलेले, स्प्रूसची तबली व मेपलची पाठ असलेले आणि आत संपूर्ण पोकळ असे चार तारांचे बेस गिटार सिद्ध केले व त्यास ५००/१ असा क्रमांक दिला. इतक्या सुकुमार वस्तूस जिरायत जमिनीच्या पोटहिश्श्यासारखा नंबर देण्याची कल्पना दप्तरातच सुचू शकते, कारखान्यात नव्हे.

आमचा पुतण्या नोकरीनिमित्त एर्लांगेनला असतो. त्याने तेथील एका दिवंगत वादकाच्या वारसांकडून असे एक साठोत्तरी वाद्य खरेदी केले. पुढे संसार वाढला, खोल्या वाढल्या नाहीत, आणि पाळणा व वाद्याची पेटी यांपैकी एकाच वस्तूस भिंतीलगत जागा मिळेल असा निकाल सूनबाईंनी दिल्यामुळे ते विमानाने दादरला आमच्याकडे ‘पुढील व्यवस्था होईपर्यंत’ ठेव म्हणून आले. पुढील व्यवस्था म्हणजे नेमके काय करावे, याविषयी ठेवीदाराने चकार शब्द लिहिला नव्हता.

प्रथम आम्ही ते खिळ्याला टांगून पाहिले. आल्यागेल्याने ‘हे मोठे व्हायोलिन का हो?’ असे विचारावे, आम्ही इतिहास सांगावा, तो निर्वासितांपर्यंत येतो न येतो तोच त्याने ‘मग वाजवा की’ म्हणावे, आम्ही एक तार छेडावी, आणि खोलीतल्या पंख्याच्या घरघरीखाली तिचा नाद सुखरूप गडप व्हावा, असा क्रम बसून गेला. यात वाद्याचा अपराध नाही. सर्वांत जाड तारेची कंपने सेकंदाला सुमारे ४१ असतात व त्यांची हवेतील लहर आठ मीटरांहून लांब असते. एवढी लहर हलवावयाची तर पोटही त्या मानाने थोराड लागते, आणि म्हणूनच डबल बेस तसा अगडबंब असतो. मिरजेचा तंबोरा आपल्या भोपळ्याच्या बळावर दिवाणखाना भरून टाकतो. येथे मात्र पोट आहे, ते पोकळही आहे, आणि तरी विजेच्या साहाय्यावाचून त्याचा आवाज शेजारच्या खोलीपर्यंतही पोचत नाही.

मग ही पोकळी हवी होती कशाला? या प्रश्नाच्या मागे लागले असता जे सापडते ते कणादाच्या वैशेषिक दर्शनात शोभण्यासारखे आहे. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर याने १९५१ साली सरळ एक भरीव फळी कापून तीवर चार तारा ओढल्या आणि प्रश्न मिटवून टाकला. गृहस्थास स्वतःला गिटार वाजवता येत नव्हते, त्यामुळे परंपरेचे दडपण त्याच्या मनावर आले नसावे. परंतु ज्यांना परंपरेचे दडपण होते त्यांची त्रेधा पाहण्यासारखी आहे. गिब्सन कंपनीने १९५३ साली व्हायोलिनच्याच आकाराचा बेस काढला, तो भरीव महोगनीचा; त्यात पोकळी नव्हती, म्हणून व्हायोलिनला असते तसे वेलांटीदार छिद्र त्यावर रंगाने काढले, आणि बुडाशी लोखंडी काठी बसवून तो उभा धरून वाजवण्याचीही सोय ठेवली, म्हणजे जुन्या सवयीच्या वादकास दुरून पाहणाऱ्यांपुढे मान खाली घालावयास नको. अँपेग कंपनीने १९६६ साली खरीखुरी छिद्रे पाडली, पण ती इतकी प्रामाणिकपणे आरपार पाडली की त्यांतून वादकाचा सदरा दिसे. आणि आमचे हे होफ्नर! याचे पोट अस्सल पोकळ, परंतु त्यास छिद्र मुळीच नाही. एकाकडे छिद्राचे चित्र आहे व पोकळी नाही, दुसऱ्याकडे छिद्र आहे व पोकळी नाही, तिसऱ्याकडे पोकळी आहे व छिद्र नाही. अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानावा की नाही याबद्दल आपल्याकडील पंडितांनी शतकानुशतके जो खल केला, त्याचा निवाडा या तीन वाद्यांच्या नुसत्या पंचनाम्याने झाला असता.

पोकळीचा हिशेब चुकता होतो तो वीज जोडल्यावर. ध्वनिवर्धकातून निघालेला आवाज पोकळ पोटाच्या पातळ तबलीवर आदळतो, तबली थरथरते, तिच्याबरोबर तारा थरथरतात, खालचे चुंबक ती थरथर इमानेइतबारे परत ध्वनिवर्धकाकडे रवाना करते, आणि कोणी बोट लावलेले नसताना घरात एक घनगंभीर घोंगावणे वाढू लागते. हा प्रकार प्रथम घडला त्या वेळी आमचे कुटुंब स्वयंपाकघरातून ‘अहो, पाण्याचा पंप कोणी सुरू केला?’ असे विचारीत बाहेर आले. यावर उपाय पुष्कळ निघाले आहेत. गिब्सनने १९५८ च्या पोकळ बेसमध्ये पोटात मधोमध मेपलचा ठोकळाच बसवला, म्हणजे पोकळी ठेवावयाची व ती वापरू द्यावयाची नाही, बी. बी. किंग हे थोर ब्लूजगायक आपल्या गिटारच्या छिद्रांत कापड कोंबीत, आणि अखेर १९८० साली त्यांच्यासाठी छिद्रे नसलेलेच गिटार बाजारात आले. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे आवाज कमी ठेवणे आणि ध्वनिवर्धकापासून चार पावले दूर बसणे. पण आवाज कमी ठेवा हा सल्ला वाद्ये विकून पोट भरणाऱ्या माणसाच्या तोंडून येणे दुरापास्त आहे.

अशा वाद्याची जगभर कीर्ती झाली ती पॉल मॅकार्टनी या लिव्हरपूलच्या डावखोऱ्या तरुणामुळे. १९६१ साली हँबुर्गला मुक्कामी असताना त्याने सुमारे ३० पौंडांना असा एक बेस घेतला, त्याची कारणे दोनच होती: फेंडर त्याच्या ऐपतीबाहेरचे होते, आणि व्हायोलिनचा घाट दोन्ही अंगांनी सारखा असल्यामुळे उलटा धरला तरी वेडाविद्रा दिसत नसे. पुढे १९६३ साली मिळालेल्या त्याच्या दुसऱ्या होफ्नरवर १९६६ च्या दौऱ्यातील गाण्यांच्या यादीचा कागद चिकटलेला राहिला, तो त्याने काढलाच नाही. पहिला बेस मात्र १९७२ साली लंडनच्या नॉटिंग हिल भागात एका मोटारीतून चोरीस गेला. तो शोधण्यासाठी होफ्नरच्या माहितगारांनी व पत्रकारांनी पुढे रीतसर मोहीम काढली, आणि एका घराच्या माळ्यावर पडलेला सापडून तो मालकाकडे परत आल्याची वार्ता २०२४ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाली. म्हणजे जगातील बहुधा सर्वांत विख्यात पोकळ बेसची पन्नासाहून अधिक वर्षे जी व्यवस्था लागली होती, ती माळा हीच होय. आणि आमच्या कुटुंबाने पहिल्याच दिवशी जी सूचना केली होती, तिच्याशी ती तंतोतंत जुळते.

जाणकारांना विचारावे तर त्यांत दोन तट. संग्राहक म्हणतात की हात लावू नका: मूळ रंग खरवडून नवा दिलात तर किंमत निम्म्यावर येईल, जुना स्क्रू बदललात तर जुना जपून ठेवा, काठावरच्या सेल्युलॉइडची पट्टी कुजू लागली तर तिच्या वाफेने धातूचे भाग गंजतील, म्हणून पेटी अधूनमधून उघडा, आणि हवेतील दमटपणा शेकडा पन्नासाच्या आसपास राहू द्या. ही शेवटची अट मुंबईच्या जुलै महिन्यात पाळावयाची तर वाद्याला कपाटात आणि आम्हाला कपाटाबाहेर, असे दोन निराळे ऋतू चालवावे लागतील. वादकांचा तट म्हणतो की नवे चुंबक घाला, नव्या खुंट्या बसवा, झगझगीत आवाजाच्या खरखरीत तारा चढवा. म्हणजे ज्या दोषांसाठी जग त्यावर लुब्ध झाले ते सगळे दूर करून त्याचे फेंडर करा. आणि फेंडर बाजारात आयतेच मिळते.

आमचे मत विचाराल तर या वाद्याचे सारे मर्म त्याच्या अल्पायुषी स्वरात आहे. भरीव फळीवरचा स्वर छेडल्यावर लांबत राहतो. पोकळ पोटातला स्वर मात्र ‘धुम्’ करून उठतो आणि पुढच्या स्वराला वाट देऊन निघून जातो. गुळगुळीत वेटोळ्याच्या जुन्या तारा असल्या आणि घोडीपाशी तारांखाली स्पंजचा तुकडा सरकवला तर हे निघून जाणे अधिकच सुरेख होते. डेट्रॉइटच्या मोटाउन संस्थेचा जेम्स जेमरसन याचा बेस भरीव होता, तरी तो हाच परिणाम साधण्यासाठी स्पंज वापरी आणि तुटल्यावाचून तार बदलीत नसे. वाद्यावरच्या कळींचे फर्मानही याच मताला दुजोरा देते. एका कळीवर ‘रिदम’ आणि ‘सोलो’ असे दोन हुद्दे लिहिलेले आहेत. ती ‘रिदम’कडे सारली की आवाज उतरतो, ‘सोलो’कडे सारली की चढतो. बेस वाजवणाऱ्यास सोलो वाजवा म्हणून कोणी आयुष्यात किती वेळा सांगते याचा विचार करता, ही कळ केवळ शिष्टाचार म्हणून ठेवली असावी.

या मताला वजन आले ते आमच्याच इमारतीतील एका वृद्ध गोमंतकीय गृहस्थांमुळे. सॅबॅस्टियन डिसोझांसारखे संयोजक स्वरलिपी लिहून वादकांपुढे ठेवीत त्या काळात हे हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत डबल बेस वाजवीत, आणि पुढे टोनी वाझ यांच्यासारख्या वादकांच्या हाती राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात बेस गिटार आले तेव्हा त्यांनी ‘टॅक्सीचे अर्धे भाडे वाचले’ म्हणून त्याचे स्वागत केले होते. त्यांनी आमचे वाद्य मांडीवर घेतले, पोटावर बोट वाजवून पाहिले, आणि म्हणाले, “साहेब, हिला काय करू नका. सगळ्या तारा एकदम काढू नका, घोडी नुसती तारांच्या दाबावर उभी हाय, ती पडेल आनी मग स्वर जागेवर मिळायचा नाय. हळू वाजवा आनी परत पेटीत ठेवा.” एवढे बोलून त्यांनी कोणत्याशा जुन्या वॉल्ट्झचे तीन-तीन मात्रांचे पाऊल इतक्या हलक्या हाताने टाकले की आमचे कुटुंब, जे पंप बंद करावयास आले होते, ते पदराला हात पुसत तेथेच बसले.

तेव्हापासून गुरुवारी इमारतीच्या भजनी मंडळात हे वाद्य जाऊ लागले आहे. काळी दोनचा षड्ज व त्याचा पंचम असे दोनच स्वर गृहस्थ आळीपाळीने देतात, ध्वनिवर्धक जिन्याखाली ठेवतात, आणि मृदंगाच्या थापेखाली ते दोन स्वर असे काही बेमालूम बसतात की मंडळाच्या अध्यक्षांनी पहिल्या महिन्यात ‘आज मृदंग फार चांगला लागला’ असे मृदंगवाल्यास सांगून त्याचा पगडीएवढा गैरसमज करून दिला. नास्तिकतेचा वास येणाऱ्या विलायती वाद्यास मंडळात प्रवेश द्यावा काय, यावर झालेल्या चर्चेत सरचिटणीसांनी मध्यममार्ग काढून मालमत्तेच्या वहीत ‘तंबोरा, विजेवरील, एक नग, गळ्यात अडकवण्याचा’ अशी नोंद केली. तीस सर्वांनी मान्यता दिली. फक्त कोषाध्यक्षांनी, तंबोऱ्याला आजवर वीज लागल्याचा पूर्वदाखला दप्तरात आढळत नाही असा शेरा मारून, जिन्याखालच्या मीटरचे वाढीव बिल मंडळाने भरावे, सोसायटीने भरावे की जर्मनीतील मूळ मालकाकडून वसूल करावे हा मुद्दा पोटसमितीकडे सोपवला आहे, आणि त्या समितीवर मृदंगवाल्याची नेमणूक झाली आहे.