विश्वस्तसाहेब, आपला जबडा शाबूत असो!

मा. विश्वस्त महोदय,


आपल्या धर्मादाय रुग्णालयाच्या दारात संगमरवरावर कोरलेले ‘रुग्णसेवा हीच ईश्वरसेवा’ हे वाक्य आम्ही रात्री साडेअकराला वाचले. कोरीवकाम फार सुबक आहे. या ईश्वराने आधी पन्नास हजार डिपॉझिट भरायचे असते, एवढे खाली बारीक अक्षरात लिहिले असते तर आमचा हेलपाटा वाचला असता.

आमच्या सोसायटीत पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचा मुलगा दुचाकीवरून पार्सले पोचवतो. पावसात गाडी घसरली आणि हनुवटी दुभाजकावर आपटली. डोक्यावर हेल्मेट होते, पण स्वस्तातले, अर्धे. ते कवटी सांभाळते. हनुवटी ज्याची त्याने सांभाळायची. हनुवटीवर जोराचा मार बसला की पुष्कळदा हाड दोन ठिकाणी मोडते, एकदा हनुवटीपाशी आणि एकदा कानापुढच्या सांध्यापाशी. पोराने दोन्ही मोड घेतले. वरचे दात खालच्या दातांना भेटेनात.

अपघात विभागात शेजारच्या खाटेवर साधारण त्याच वयाचा एक तरुण होता. मोटार ठोकली गेली, एअरबॅग उघडली, भुवई फाटली. त्याच्यासाठी प्लास्टिक सर्जन घरून उठून आले आणि केसाएवढ्या बारीक धाग्याने एकेक टाका घालत बसले. “व्रण नाही ना राहणार?” असे त्याच्या वडिलांनी तीनदा विचारले आणि तिन्ही वेळा त्यांना शांतपणे उत्तर मिळाले. छान वाटले. मग तोच प्रश्न मावशींनी विचारला. “अहो, जीव वाचला ना? तोंडाचं काय घेऊन बसलात!” असे म्हणून ड्युटीवरच्या डॉक्टरांनी जाड काळ्या दोऱ्याने हनुवटी शिवून टाकली. त्या पोरसवदा डॉक्टरवर माझा राग नाही. कुणाला चेहरा असतो आणि कुणाला नुसते तोंड, हे तो आपल्याच छत्राखाली शिकतो आहे.

काउंटरवरच्या ताईही नम्र होत्या. डिपॉझिट नसेल तर प्रथमोपचार झाले आहेत, पेशंट ‘स्टेबल’ आहे, सरकारी रुग्णालयात हलवा, असे त्यांनी सांगितले. “धर्मादाय कोट्यातली खाट?” असे विचारले तेव्हा त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी त्यांचा पगार विचारला. समाजसेवक सकाळी दहाला येतात म्हणाल्या. अपघातांनीही कार्यालयीन वेळ पाळायला हवी, हे मान्य.

आता थोडे कायद्याचे. आपल्याला सगळे ठाऊक आहेच. मी आपला उजळणी करतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०. त्यातले कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली लागू केलेली योजना. धर्मादाय रुग्णालयातल्या १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. खर्च कुठून करायचा? बाकीच्या रुग्णांच्या एकूण बिलांतले २ टक्के बाजूला काढून केलेल्या निर्धन रुग्ण निधीतून. म्हणजे आपल्या खिशाला चाट नाही. शेजारच्या खाटेवरच्या त्या भुवईच्या बिलातूनच या हनुवटीसाठी पैसे निघायचे आहेत. आपण मध्ये फक्त पाट काढून द्यायचा. त्याच्या बदल्यात धर्मादाय म्हणून मिळणाऱ्या करसवलती आपण घेतच आहात. त्या घेताना सकाळी दहापर्यंत थांबल्याचे ऐकिवात नाही.

आणि तातडीच्या रुग्णाला अडवू नये, हे काही माझे म्हणणे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सरकारी आणि खासगी अशा दोन्ही डॉक्टरांना ते बजावले आहे. आपल्या टपालात तो निकाल अजून पोचला नसावा.

आपण म्हणाल, जबडा मोडला म्हणून कुणी मरत नाही. खरे आहे. मोडलेल्या जबड्यावर दोन मुख्य इलाज आहेत. एकात शस्त्रक्रिया करून टायटॅनियमच्या छोट्या प्लेटा आणि स्क्रू लावतात; जबडा लवकर हलू लागतो, काही दिवसांत मऊ भात खाता येतो. दुसऱ्यात वरचे-खालचे दात एकमेकांना तारांनी बांधून काही आठवडे तोंड बंद ठेवतात. काही रुग्णांना तोही योग्यच असतो. पण सांध्याजवळ मोड असताना जबडा फार दिवस बांधलेला राहिला तर तोंड नीट उघडेनासे होण्याची भीती असते. कुणाला प्लेटा आणि कुणाला तारा, हे एक्स-रे पाहून ठरायला हवे. आपल्याकडे ते पावती पाहून ठरते.

दुसरी गोष्ट वेळेची. चेहऱ्याची हाडे कुणासाठी थांबत नाहीत. दोन-तीन आठवड्यांत ती जुळू लागतात आणि नीट बसवलेली नसली तर वाकडीच जुळतात. मग सरळ करायची तर पुन्हा मोडावी लागतात. दुसऱ्या दिवशी आपल्या समाजसेवकांनी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मागितला. मावशी पोळ्यांची कामे सोडून सेतू केंद्रात रांगेला लागल्या. दाखला हाती आला तोवर दुसरा आठवडा संपत आला होता आणि आपल्याकडच्या सवलतीच्या खाटा ‘सध्या फुल’ झाल्या होत्या.

रस्ते अपघातासाठी केंद्राची २०२५ ची कॅशलेस योजनाही आहे, दीड लाखापर्यंत, अपघातापासून सात दिवस. गंमत पाहा, चेहऱ्याच्या हाडांच्या शस्त्रक्रियेसाठी सूज उतरायची वाट पाहत अनेकदा पाच-सात दिवस थांबावे लागते. सूज उतरते त्याच सुमारास सवलतही उतरते. हा दोष आपला नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. एवढ्या मोठ्या गुन्ह्यात साथीदार असायचेच.

शेवटी सरकारी रुग्णालयात नेले. तिथल्या डॉक्टरांनी आपुलकीने केले, पण प्लेटांचा साठा संपलेला आणि शस्त्रक्रियेची यादी लांबलचक. तारा बांधल्या. त्यानंतरचे जेवण म्हणजे गाळलेली पेज आणि वरणाचे पाणी. गाल बोटाने ओढून, शेवटच्या दाढेमागच्या फटीत स्ट्रॉ सरकवून ते आत घ्यायचे. उशाशी दोरीने बांधलेली एक छोटी पक्कड. रात्री उलटी झाली तर तारा तोडायला, नाहीतर जीव गुदमरायचा. मावशी आठवडेच्या आठवडे त्या पकडीवर हात ठेवून झोपल्या आणि पहाटे उठून पोळ्यांना गेल्या. चेहरा ही हौसेची बाब आहे असे आपल्या संस्थेत ज्यांना वाटते, त्यांनी एक रात्र त्या उशाशी काढावी.

तारा निघाल्या. हनुवटी एका बाजूला सरकली आहे आणि तोंड दोन बोटांएवढेच उघडते. कामावर परत जावे तर ॲप रोज सेल्फी मागते. नवा चेहरा जुन्या फोटोशी जुळेना, म्हणून लॉगिन अडकले. श्रीमंताच्या चेहऱ्यावरचा व्रण बैठकीत चर्चेला येतो. गरिबाचा चेहरा हा त्याचा हजेरीचा अंगठा असतो. तो बिघडला की रोजगार बुडतो.

महोदय, थोडा इतिहास सांगतो. आपल्या वार्षिक अहवालात शोभून दिसेल. कावसजी नावाचा एक मराठा इंग्रजी फौजेत बैल हाकायचा. टिपूच्या सैन्याने त्याला पकडून त्याचे नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका वीट करणाऱ्या कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसवून दिले. त्याची हकिगत चित्रासह लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये छापली. ती वाचून तिकडचे सर्जन जागे झाले आणि जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. आधुनिक प्लास्टिक सर्जरीचे एक मूळ असे पुण्याच्या मातीत आहे आणि तिचा तो गाजलेला रुग्ण बैल हाकणारा होता. सव्वादोनशेहून अधिक वर्षांत आपण इतकी प्रगती केली, की आता टायटॅनियम आहे, थ्रीडी स्कॅन आहे आणि बैल हाकणाऱ्याला दारातून परत पाठवायला स्वतंत्र काउंटर आहे.

आपल्याकडे दान मागत नाही. ‘धर्मादाय’ हे बिरुद मानाचे आहे, ते आपल्यालाच लखलाभ. एवढेच करा: निर्धन रुग्ण निधीत या महिन्यात किती जमले, किती खर्च झाले आणि आज किती खाटा रिकाम्या आहेत, हे त्या संगमरवरी वाक्याच्या खाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात लावा. समाजसेवकाला रात्रपाळी द्या. दाखला नंतर घ्या, जबडा आधी बसवा.

आणि वाचकहो, विश्वस्तांना हे पत्र वाचायला सवड मिळेलच असे नाही, म्हणून दोन शब्द तुम्हाला. घरच्या, कामाच्या, ओळखीच्या कुणाला अपघात झाला आणि धर्मादाय रुग्णालयात डिपॉझिट मागितले, तर आवाज न चढवता तीन गोष्टी मागा: कलम ४१ ककखालची खाट, समाजसेवकाची भेट आणि नकार दिला तर तो लेखी. मग तो कागद धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्या. त्या खाटा कुणाच्या मेहेरबानीच्या नाहीत, कायद्याने गरिबाच्या आहेत.

कळावे, लोभ नसला तरी चालेल, हिशेब असावा.

आपला,
त्या रात्री काउंटरपाशी उभा असलेला एक नागरिक