शहर तेच, कॉम्प्युटर मात्र दुसरा!

2024 साली अहमदनगरचं अहिल्यानगर झालं आणि दिल्ली गेटपासून माळीवाड्यापर्यंतच्या डीटीपीवाल्यांकडे लेटरहेड, शिक्के, पाट्यांची रांग लागली. 1490 साली वसलेल्या शहराने नाव बदललं, तरी वेस तिथेच, वीजबिल तेवढंच, पाहुणेही वाट चुकले नाहीत.

डीटीपीवाल्याने मात्र जळालेला मदरबोर्ड बदलला की फॉन्टचं सॉफ्टवेअर ओळखच दाखवत नाही. म्हणे, हा कॉम्प्युटर दुसराच. ॲक्टिव्हेशनची मर्यादा संपली. जुन्या मशीनवरून आधी लायसन्स काढून घ्या. जळालेल्या मशीनवरून! (त्याची शेवटची इच्छा विचारायची राहूनच गेली.) त्यापेक्षा पूर्वीचा लायसन्सचा डोंगल परवडला. हरवला तर टेबलाखाली वाकून शोधता तरी यायचा.

याच जिल्ह्यात शनिशिंगणापूरला घरांना कुलूप लावायची रीत नाही. 2011 मध्ये युको बँकेने तिथे बिनकुलपाची शाखा उघडली. रोकड सांभाळणाऱ्यांना जमलं ते फॉन्ट विकणाऱ्यांना जमेना. बिल फाइलला लावून ठेवणारं गिऱ्हाईक हेल्पलाइनचं संगीत ऐकत बसतं, आणि शेजारच्या गाळ्यातला ‘क्रॅक’ मारून तिसऱ्या मशीनवर लग्नपत्रिका छापून मोकळा झालेला असतो.