कॅमेरा घेऊन येणाऱ्या परदेशी पाहुण्यास बिलोलीहून अनावृत पत्र



आपण भारतात फोटो काढायला निघालात आणि परवान्यांच्या धास्तीनं अर्धमेले झालात, असं ऐकतो. उगाच घाबरता. जुलै २०१८ मध्येच पुरातत्त्व खात्यानं केंद्राच्या संरक्षित वास्तूंमध्ये फोटोला मोकळीक दिली. अपवाद ठेवले ते अजिंठ्याची लेणी, लेहच्या राजवाड्यातली चित्रं आणि ताजमहालातल्या कबरींचं दालन. ड्रोन मात्र घरीच ठेवा. त्याची आयात फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहे.

तेव्हा त्या वास्तूंमधली गर्दी सोडा आणि नरसीवरून आमच्या बिलोलीकडे वळा. औरंगजेबाच्या फौजेतल्या सरफराज खानाच्या नावाची दगडी मशीद इथं आहे. चपला बाहेर, नमाजाच्या वेळी कॅमेरा पिशवीत, कुणाचा चेहरा टिपायचा तर आधी विचारायचं. झाला परवाना. बाजारात तर उलटाच ताप: "आमचा बी एक काढा की" म्हणत लोक घेरतील आणि व्हॉट्सॲपवर पाठवल्याशिवाय सोडणार नाहीत.

अडचण आहे ती मांजरा नदीच्या काठी. येसगीच्या निजामकालीन पुलाशी उभं राहून सूर्यास्त खुशाल टिपा. सूर्य बुडाला की कॅमेरा बंद करा. मांजरेच्या लाल वाळूला मागणी फार, आणि नियमानं संध्याकाळी सहानंतर उपसा बंद. म्हणजे त्यानंतर पात्रात दिसणारे दिवे, जेसीबी, टिप्पर हे कायद्याच्या लेखी नाहीतच. जे नाहीच त्याचा फोटो काढणाऱ्यावर संशय येणारच ना! फाट्यावर मोटारसायकलला टेकून दोन पोरं उभी असतात, कानाला फोन. त्यांचं मूळ काम, तहसीलची जीप निघाली की वर्दी देणं. पण लेन्स दिसली की तीच विचारतील, "कामून काढायलाव फोटू?" हाच आमचा परवाना-कक्ष. रात्रभर उघडा, अर्ज नाही, शुल्क नाही, नकार हातोहात.

सरकारी वाळू धोरणात घाटावर सीसीटीव्ही सक्तीचा आहे, हे आपल्याला कुणी सांगेल. तो कॅमेरा कुठं तोंड करून आहे, हे विचारू नका.

न लिहिलेल्या अटींवरून आठवलं: इजिप्तनं २०२२ मध्ये सार्वजनिक जागी हौसेचे फोटो विनापरवाना काढू दिले. त्यात एक अट अशी, की देशाची प्रतिमा मलिन करणारी दृश्यं टिपायची नाहीत. लोक हसले. आम्हाला बुवा तो देश प्रामाणिक वाटला, अट निदान लिहून तरी दिली.

वाळूचा फोटो हवाच असेल, तर कारवाईचा दिवस गाठा. पथक येतं, वाळू उपशाचे सापडलेले तराफे काठावर ओढून पेटवतं, साहेब लोक धुरापुढे ओळीनं उभे राहतात. त्या वेळी आपल्याला कुणी हटकणार नाही. उलट उजेड कुठून नीट येतो ते सांगून जागा करून देतील. टिप्पर तेवढा फ्रेममध्ये मिळणार नाही; तो केव्हाच घरी पोचलेला असतो.

आपला नम्र,
एक बिलोलीकर