चूल वेगळी, राख तीच

मागे एकदा भाचा आला तोच दारातून जाहीर करत. "मामा, मी नवा डेस्कटॉप लिहितोय."

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या वेळी या वयातली मुलं कविता करायची. त्यात वीज तरी कमी जळायची. याचं नाव ठरलंय, लोगो ठरलाय, वॉलपेपरवर राजगडाचा सूर्योदयही ठरलाय.

"आणि सांभाळणार कोण?"

"सांभाळायचंय काय त्यात? ओपन सोर्स आहे. लोक येतील."

लोक येतील! या दोन शब्दांच्या भरवशावर लिनक्सच्या गावात किती वाडे उभे राहिले, आणि किती वाड्यांत आता फक्त पारवे आहेत.

ज्यांना हे गाव ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉम्प्युटर लावल्यावर समोर दिसतं ते सगळं, म्हणजे खिडक्या, खालची पट्टी, कोपऱ्यातलं घड्याळ, फायली उघडायचा डबा, हे मिळून डेस्कटॉप. विंडोज किंवा मॅक घेतला की कंपनी देईल ते ताट. लिनक्स ही कोणा एका कंपनीची नसलेली, खुली प्रणाली; तिथे मात्र ज्याला त्याला आपल्या चुलीवरचंच जेवण लागतं.

पहिली मोठी चूल जर्मनीतली. १४ ऑक्टोबर १९९६ला ट्युबिंगन विद्यापीठातल्या माथियास एट्रिख नावाच्या विद्यार्थ्याने हाक दिली: इथे प्रत्येक प्रोग्रॅम वेगळा दिसतो, वेगळा वागतो, साध्या माणसाने वापरायचं कसं? चला, एकसारखं काहीतरी करू. त्यातून केडीई उभा राहिला. पण तो उभा होता 'क्यूटी' नावाच्या साहित्यावर, आणि त्या साहित्याचा परवाना पुरेसा मुक्त नव्हता. लगेच वाडा दुभंगला. ऑगस्ट १९९७मध्ये मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोमची चूल मांडली. पुढे २००० सालापर्यंत क्यूटी मुक्त परवान्याखाली आलं. म्हणजे ज्या बांधावरून भांडण, तो बांधच मिटला. घरं मात्र अजून वेगळी. हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागू नये.

मग वाटण्यांचा सपाटाच. एप्रिल २०११मध्ये ग्नोम ३ आला आणि त्याने खिडकी खाली सारायचं बटणच काढून टाकलं. बटण एक गेलं, चुली दोन पेटल्या. अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्याने जुना ग्नोम २ उचलून वेगळा संसार थाटला, त्याचं नाव माटे. सदाशिव पेठेतलं आडनाव वाटेल, पण ते दक्षिण अमेरिकेतल्या कडू चहाचं नाव आहे. लिनक्स मिंटवाल्यांनी आपली वेगळी दालचिनी आणली, म्हणजे सिनॅमन. खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स चिडून एक्सएफसीई या तिसऱ्याच डेस्कटॉपकडे गेले आणि काही काळाने गुपचूप ग्नोमकडे परतले. उबुंटू या आणखी एका लिनक्सवाल्यांनी 'युनिटी', म्हणजे चक्क एकी, या नावाचा स्वतंत्र डेस्कटॉप काढला. एकीसाठी वेगळं होण्याचा हा प्रयोग एप्रिल २०१७मध्ये गुंडाळला.

एकदा विलीनीकरणही झालं, खोटं कशाला बोला. २०१३मध्ये एलएक्सडीई नावाच्या डेस्कटॉपची क्यूटी आवृत्ती आणि रेझर-क्यूटी हा दुसरा डेस्कटॉप एकत्र आले आणि त्यातून एलएक्सक्यूटी जन्मला. जुना एलएक्सडीई? तोही आहे की!

तर चूल मांडायला उत्साह लागतो, आणि तो जगात मुबलक आहे. टंचाई आहे ती सकाळी उठून राख काढणाऱ्याची.

राख म्हणजे काय, हे भाच्याला सांगायला घेतलं. एक्सएफसीई हा गरीब, गुणी डेस्कटॉप. त्याची ४.१२ ही आवृत्ती फेब्रुवारी २०१५मध्ये आली आणि पुढची ४.१४ ऑगस्ट २०१९मध्ये. साडेचार वर्षं ही मंडळी करत काय होती? मुख्यत्वे घराखालचा पाया बदलत होती. जीटीके हे क्यूटीसारखंच साहित्य; त्यातलं जीटीके २ काढून जीटीके ३ घालत होती, तेही फावल्या वेळात आणि वर चहा पीत बसलेल्यांच्या कपाला धक्का न लावता. काम इतकं नीट झालं की वापरणारे म्हणाले, "नवीन काय आहे यात?" आणि जेमतेम सव्वा वर्ष उलटतंय तोवर, डिसेंबर २०२०मध्ये, जीटीके ४ दारात हजर.

पायाखाली आणखी एक पाया आहे. खिडक्या काढून दाखवणारी 'एक्स' ही यंत्रणा एमआयटीतली, १९८४ची. तिच्यात स्क्रीनला कुलूप लावणारा प्रोग्रॅम हा चार प्रोग्रॅमांतलाच एक. तो कोसळला की दार सताड उघडं. २००८पासून तिच्या जागी 'वेलँड' बांधायला घेतलं. भाचा नुकता बोलायला लागला असेल तेव्हा. अजून सगळी मंडळी नव्या जागेत राहायला गेलेली नाहीत. कोणाचा प्रोजेक्टर अडलाय, कोणाचं लिहायचं पॅड.

आणि ग्नोमची ती फाइल निवडायची खिडकी! फोटो जोडायला गेलं की नुसती नावं दिसायची. 'चित्रं छोटी करून चौकटीत दाखवा' ही मागणी २००४मध्ये नोंदवली गेली. ती पुरी झाली ग्नोम ४४मध्ये, मार्च २०२३ला. मागणी नोंदवली त्या वर्षी ज्याचं बारसं झालं, त्याला आधी मतदानाचा हक्क मिळाला आणि मग फोटो दिसला. या काळात लोकांनी त्यावर विनोद किती केले याची गणती नाही. विनोद करायला वेळ होता. काम करायला जीटीके ४मधली नवी जाळी लागली, आणि ती विणायला माणसं.

मराठीचीही राख आहे. डेस्कटॉपचं भाषांतर एका साध्या फायलीत असतं: वर इंग्रजी ओळ, खाली मराठी. हे काम वर्षानुवर्षं काहींनी नोकरीत, काहींनी रात्री जागून केलंय. आता गंमत बघा. मूळ इंग्रजी ओळीत कोणी एक स्वल्पविराम हलवला, की खालच्या मराठी ओळीवर 'फझी' असा शिक्का पडतो. शिक्का पडला की ती ओळ पडद्यावर येत नाही, तिथे पुन्हा इंग्रजी दिसतं. कोणीतरी येऊन 'हो, हे बरोबर आहे' म्हणेपर्यंत. ग्नोम दर सहा महिन्यांनी नवा येतो. म्हणजे दर सहा महिन्यांनी कोणीतरी बसून स्वल्पविराम निवडायचे, तांदळातले खडे निवडतात तसे. नाही निवडले तर मेनू अर्धा मराठी, अर्धा इंग्रजी. आपण घरात बोलतो तसाच.

भाचा जरा गप्प झाला होता. म्हटलं, शेवटची गोष्ट ऐक.

केडीईवाल्यांनी आपल्या ब्राउझरसाठी 'केएचटीएमएल' नावाचं इंजिन लिहिलं. २००३मध्ये ॲपलने ते घेऊन सफारी काढला आणि त्यातून वेबकिट झालं. गूगलचा क्रोम आधी वेबकिटवर चालला आणि २०१३मध्ये त्याने स्वतःचा फाटा काढला, ब्लिंक. आज तुझ्या फोनवर जे पान उघडतं, ते बहुतेक या आजोबांच्या नातवाच्या किंवा पणतवाच्याच हातून. आणि आजोबा? फेब्रुवारी २०२४मध्ये केडीईची सहावी पिढी आली, तिच्यात त्यांना नेलंच नाही. बघायला कोणी उरलं नव्हतं. नातवंडं कॅलिफोर्नियात अब्जाधीश, इकडे घराला कुलूप. पुण्यात राहून ही गोष्ट कळली नाही असं म्हणू नकोस.

त्याच महिन्यात केडीईची भारतातली परिषद पुण्यातच, सीओईपीमध्ये भरली होती. भाचा पहिल्या वर्षाला होता, जाऊन आला. लॅपटॉपवरचा स्टिकर आणि डोक्यातला किडा, दोन्ही तिथलेच.

"तू काय केलंस रे मामा या सगळ्यासाठी?" भाच्याने नेम धरून विचारलं.

पोरं हल्ली वाईट प्रश्न विचारतात.

केलं की! वीस वर्षं फुकट वापरलं. एकदा माझ्या डेस्कटॉपच्या घड्याळात वार अर्धाच दिसायला लागला, तेव्हा कडक शब्दांत तक्रार केली. लिहिलं, 'अशाने लोक लिनक्सकडे येणार कसे?' दुसऱ्या दिवशी कोणा अनोळखी माणसाने, बहुधा आपली नोकरी संपवून रात्री, नम्रपणे तीन गोष्टी विचारल्या: आवृत्ती कोणती, भाषा कोणती, आणि नेमकं काय केल्यावर असं दिसतं. मी उत्तर दिलं नाही. मला तक्रार करायची होती, काम नव्हतं करायचं. काही महिन्यांनी वार आपोआप पूर्ण दिसू लागला. आपोआप म्हणजे कोणीतरी उत्तराशिवायच शोधून काढलं. आभार मानायचे राहिले.

शिवाय केडीईच्या प्लाझ्मा ६.२पासून वर्षातून एकदा, डिसेंबरात, कोपऱ्यात एक चिठ्ठी येते: जमल्यास देणगी द्या. वर्षातून एकदा! आमच्या गल्लीतलं मंडळ याहून जास्त वेळा दार वाजवतं, आणि त्यांना मी मुकाट पावती फाडून देतो, कारण ती मुलं समोर उभी असतात. ही चिठ्ठी मी शांतपणे मिटली.

"मग मी काय करू? डेस्कटॉप नको लिहू?"

"लिही. पण आधी महिनाभर दुसऱ्याच्या चुलीतली राख काढ. मग तुझं तू ठरव."

तोंड वाकडं करून गेला. तीन आठवड्यांनी फोन.

"मामा! माझा पहिला बदल घेतला त्यांनी! मराठीचा. फझी होती ती ओळ. आता मेनूत दिसेल!"

"वा! राजगडाचं काय झालं?"

"ते बघू सावकाश. अजून ऐंशी ओळी आहेत फझी."

"आणि ही पहिली ओळ कुठली?"

"'नंतर आठवण करून द्या.'"

चला, डिसेंबरात मला लागणारे शब्द आता शुद्ध मराठीत मिळतील. तेही घरच्याच माणसाच्या हातचे, आणि अर्थातच फुकट.