अठ्ठावीस मोठे की दोन?

अक्कलकुवा तालुक्यात चिप तयार होत नाही. तरीही ती कुणी करावी, कशी करावी आणि तैवानला कधी मागे टाकावं, यावर आमच्या चहाच्या टपरीवर जेवढी चर्चा होते तेवढी तैवानातही होत नसावी. तिकडची माणसं कामात असतात.

चर्चेचे कायम अध्यक्ष म्हणजे अमचूरचे व्यापारी शेठ. सातपुड्यातल्या बाया वाळवलेला अमचूर घेऊन उतरल्या, की शेठ एकेक फाक मोडून बघतात, वास घेतात, काळा डाग दिसला की भाव पाडतात, ओल लागली तर पोतं परत. हेच शेठ शेअर घेताना मात्र मोबाईलवरचा हिरवा आकडा तेवढा बघतात.

विरोधी पक्षात मोलगीकडचे गुरुजी. त्यांचा मुद्दा असा: डिमॅट खातं आधारवर उघडतं, आणि देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभलीत, पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत दिलं गेलं. तेव्हा गुंतवणुकीत आम्ही मानकरी. फक्त ओटीपीसाठी गुरुजींना टेकडी चढावी लागते आणि ते वर पोचेपर्यंत भाव खाली उतरलेला असतो.

परवा विषय निघाला धोलेऱ्याचा. टाटांनी तैवानच्या पॉवरचिपला सोबत घेऊन ९१ हजार कोटींचा कारखाना मांडलाय. महिन्याला ५० हजार वेफर काढायचं ठरलंय आणि भूमिपूजन झालं मार्च २०२४ मध्ये. तिथं २८ नॅनोमीटरपर्यंतच्या चिप होणार आणि तैवानची टीएसएमसी २ वर गेलीसुद्धा, असं गुरुजी म्हणाले.

"आपले अठ्ठावीस, त्यांचे दोन," शेठनी हिशेब केला. "मग पुढे कोण, गुरुजी?"

इथं आकडा जेवढा लहान तेवढी कारागिरी बारीक, आणि टीएसएमसीने २८ चा टप्पा २०११ मध्येच गाठला, हे गुरुजींनी समजावलं. "म्हणजे आपला माल मुरलेला," शेठ म्हणाले. (खरं तर २८ मध्ये कमीपणा काही नाही. गाड्यांना, घरातल्या यंत्रांना अशाच चिप लागतात. पण शेठ बरोबर ठरले तर टपरी बंद पडेल, म्हणून मी गप्प बसलो.) मग उताऱ्याचा प्रश्न आला: एका वेफरमधून चालू चिप किती निघतात? अजून एकही वेफर बाहेर पडलेला नाही, असं गुरुजी म्हणाले. "नसू द्या भाऊ, अंदाजे सांगा!"

धोलेरा गुजरातेत आहे याचं आम्हाला वाईट वाटत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा १ लाख ५४ हजार कोटींचा कारखाना तळेगाव सोडून तिकडे निघाला, तेव्हा मुंबईत रान उठलं. आमच्याकडे कुणी मान वळवली नाही. दिवाळी झाली की इथली कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला नि मजुरीला तिकडेच जातात. कारखान्याने एकट्याने मागे राहून काय करायचं? मजूर निदान काठी गावच्या होळीला परत येतात. तो कारखाना तिकडे उभा राहिला नाही आणि इकडे परतलाही नाही. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने अंग काढून घेतलं. मग सप्टेंबर २०२४ मध्ये तळोज्याजवळच्या अदानी-टॉवर प्रकल्पाचे ८३ हजार ९४७ कोटी मंजूर झाले, आणि पुढच्याच वर्षी बोलणी थांबल्याच्या बातम्या आल्या.

शेठचा जीव मात्र जडला तो आरआरपी सेमीकंडक्टरवर. पूर्वाश्रमीची जी. डी. ट्रेडिंग अँड एजन्सीज. एप्रिल २०२४ मध्ये वीसेक रुपयांना असलेला शेअर पावणेदोन वर्षांच्या आत अकरा हजारांपुढे गेला, म्हणजे ५५ हजार टक्क्यांहून जास्त वाढ! सलग १४९ सत्रं वरचं सर्किट, म्हणजे एका दिवसात वाढू देतात तेवढा भाव रोज वाढलेला. वार्षिक अहवालात पूर्णवेळ कर्मचारी दोन. जवळजवळ सगळे शेअर मोजक्या हातांत, त्यामुळे विकायला कुणी नाही, त्यामुळे शेठना एकही मिळाला नाही, आणि न मिळाल्यामुळे तो त्यांना आणखी मोलाचा वाटू लागला.

खुद्द कंपनीने नोव्हेंबर २०२५ मध्ये शेअर बाजाराला लेखी कळवलं की सेमीकंडक्टरचं कसलंही उत्पादन अजून सुरू केलेलं नाही, सरकारी योजनेत अर्ज केलेला नाही आणि सचिन तेंडुलकर आमचे भागधारक नाहीत. गुरुजींनी हे पत्र टपरीवर मोठ्याने वाचलं.

"मोठी माणसं गुपित फोडत नसतात," मोबाईल दुकानवाला पोरगा म्हणाला.

"आणि दोनच माणसं, म्हणजे पगाराचा बोजा नाही," शेठनी भर घातली. "उत्पादन नाही म्हणजे बाद चिपही नाही. उतारा शंभर टक्के. तैवानला जमेल का?"

याला गुरुजींकडे उत्तर नव्हतं. अर्थशास्त्राकडेही नसावं. पुढे बाजाराने या शेअरचे व्यवहार आठवड्यातून एकदाच ठेवले, तेव्हा टपरीवाल्याने विचारलं, "म्हणजे आपल्या आठवडे बाजारासारखंच ना?" शेठ चिडले. आठवडे बाजारात माल तरी असतो, हे त्यांच्याही लक्षात आलं असावं.

तर वाचकहो, कंपन्यांनी शेअर बाजाराला दिलेली अशी पत्रं बाजाराच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट वाचता येतात. रेंजसाठी टेकडी चढावी लागली तरी चढा, पण वाचा. आणि त्यात 'उत्पादन सुरू केलेलं नाही' असं लिहिलेलं असेल, तर कृपा करून त्याचा अर्थ उत्पादन सुरू केलेलं नाही असाच घ्या.