आईकाका आणि बॉटलनेक

आमच्या सोसायटीतले आईकाका तुमच्याही सोसायटीत आहेत. मजला वेगळा असेल, चष्म्याची काडी वेगळी असेल. पण घरी कॉम्प्युटर असेंबल करायचा विचार कुणाच्या नुसता मनात आला की जिन्यात ज्यांच्या चपला वाजतात, ते हेच.

नावाचं आधी सांगतो. आकुर्डी ते चाकण या पट्ट्यात काकांची अख्खी नोकरी कारखान्याच्या 'आयई' खात्यात, म्हणजे इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगमध्ये गेली. हातात स्टॉपवॉच, काखेत पॅड, आणि कोण किती सेकंदांत नट आवळतो याची नोंद. 'आयईवाले काका' असं म्हणता म्हणता सोसायटीतल्या पोरांनी त्याचं 'आईकाका' केलं. काकांची हरकत नाही. काकूंची आहे.

एवढ्या नोकरीत काकांना एकच शब्द पुरला : बॉटलनेक. लाइनवर जे मशीन सगळ्यात हळू, तेच अख्ख्या लाइनचा वेग ठरवतं. बाकीच्यांनी कितीही जीव काढला तरी माल त्याच्यापुढेच साचतो. हे खरंच आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो काकांनी हे शास्त्र मोशीच्या मंगल कार्यालयात नेण्याबद्दल. सगळे जेवायला रांगेत उभे, आणि काका रिकामी ताटली घेऊन बाजूला. घड्याळात बघून म्हणाले, "भाजीला चार सेकंद, पुरीला अकरा. पुरी बॉटलनेक आहे." मग केटररला गाठून पुरीचे दोन काउंटर करायला लावले. रांग पळू लागली, आणि वधूपक्षाची श्रीखंडाची पातेली अर्ध्या पंगतीत संपली. "बॉटलनेक सरकला," काका समाधानाने म्हणाले. सोसायटीची लिफ्ट, गणपतीतली प्रसादाची रांग, टाकीचा व्हॉल्व्ह, सगळीकडे त्यांना तो सापडतो. फक्त चाकणच्या तळेगाव चौकात गाडी अडकली की काका गप्प बसतात. तिथे शोधण्यासारखं काही उरलेलं नाही.

"आमच्या घरातला बॉटलनेक कोण, ते मला विचारा," असं काकू बंद बाथरूमच्या दाराकडे बघत म्हणतात.

तर, तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि घरी कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. बजेट सत्तर हजार. कारण : ऑटोकॅड. आमच्या भागात मुलाला ग्राफिक्स कार्ड हवं असेल तर ते कायम ऑटोकॅडसाठीच हवं असतं. भोसरीतल्या टूलरूममध्ये डिझाइनर मंडळी साध्या मशीनवर डाय काढतात, पण एकोणीस वर्षांच्या पोराला साधी फ्लँज काढायला आठ जीबी व्हीरॅम लागते. वडिलांना हे कळत नाही, वहिनींना कळतं, आणि काकांना तर पोराच्या आधी कळतं.

काकांनी पोराला समोर बसवलं. गुरुवार होता. पिंपरी-चिंचवडमध्ये कारखान्यांची सुट्टी गुरुवारी आणि महावितरणची दुरुस्तीची कामंही गुरुवारीच, त्यामुळे काकांचा कॉम्प्युटरविषयक सल्ला सोसायटीने बहुतेक वेळा विजेशिवाय घेतलेला आहे.

"कार्ड नंतर. आधी मॉनिटर," काका म्हणाले. "मॉनिटर म्हणजे कोण?"

पोरगं बावरलं.

"मॉनिटर म्हणजे कस्टमर. कार्ड म्हणजे लाइन. कस्टमरची डिमांड किती, ते कळल्याशिवाय लाइन टाकतोस कशी?"

आता इथे मला कबूल करावं लागतं की या विषयावर इतकं सरळ मी कुठेच ऐकलेलं नाही. साधा फुल एचडी मॉनिटर, 1920 गुणिले 1080, म्हणजे जवळजवळ एकवीस लाख ठिपके. सत्तावीस इंची 1440पी घेतला तर सदतीस लाख. फोरकेला त्र्याऐंशी लाख, म्हणजे फुल एचडीच्या बरोबर चौपट. हे सगळे ठिपके कार्डाने दर वेळी नव्याने रंगवून द्यायचे. मॉनिटर साठ हर्ट्झचा असेल तर एका चित्राला साधारण 16.7 मिलिसेकंद मिळतात, 144 हर्ट्झचा असेल तर सातसुद्धा पुरे नाहीत. "हा टॅक्ट टाइम," काका म्हणाले. "कार्डाचा सायकल टाइम याच्या आत बसला पाहिजे. नाही बसला तर कार्ड बॉटलनेक. फारच आत बसला, कार्ड नव्वद चित्रं काढतंय आणि मॉनिटर साठच दाखवतोय, तर वरची तीस कुठे गेली? ओव्हरप्रॉडक्शन! टोयोटाच्या ओनोसाहेबांनी सात प्रकारची नासाडी सांगितली, त्यातली ही सगळ्यात वाईट."

पोराने फ्रीसिंकचं विचारलं. त्यात मॉनिटर आपला वेग कार्डाच्या वेगाप्रमाणे कमीजास्त करतो, चित्र मधेच फाटत नाही; 2019 पासून एनव्हिडियाची कार्डंही अशा मॉनिटरशी जुळवून घेतात. काका क्षणभर थांबले. "म्हणजे लाइन जशी चालेल तसा कस्टमर थांबतो," ते हळूच म्हणाले. "असा कस्टमर अख्ख्या चाकणमध्ये नाही मिळायचा."

इथवर सगळं छान होतं. इथेच मॉनिटर आणि कार्ड घेऊन टाकलं असतं तर पोराचं पहिलं सेमिस्टर सुखात गेलं असतं. पण बॉटलनेक एकदा काढला की तो दुसरीकडे जातो, आणि काका त्याच्या मागे जातात. 144 हर्ट्झचा मॉनिटर धरला तर कार्ड कमी पडतं. कार्ड वाढवलं तर प्रोसेसर अडतो. प्रोसेसर वाढवला तर पॉवर सप्लाय. "एसएमपीएस लोकल घेतलास तर मला तोंड दाखवू नकोस. डब्यावर लिहिलेले वॅट आणि आत असलेले वॅट यांची ओळखसुद्धा नसते." पॉवर सप्लाय चांगला घेतला तर बजेट अडतं. बजेट कसंबसं वाढवलं, तर काकांनी खिशातून टेप काढून पोराचं टेबल मोजलं. दीड फूट खोल. सत्तावीस इंची मॉनिटर एवढ्या जवळ ठेवून मान डावी-उजवी फिरवत बसणार का? टेबल बॉटलनेक. टेबल मोठं घ्यायचं तर कपाट हलवायला हवं. कपाट वहिनींच्या माहेरचं. तिथे काकांचं शास्त्र संपलं.

खरेदीही साधी नव्हती. पुण्यात तपकीर गल्ली आणि तिच्या आजूबाजूला. मेट्रो स्वारगेटपर्यंत गेल्यापासून, म्हणजे सप्टेंबर 2024 पासून, पिंपरीहून कसबा पेठेत थेट उतरता येतं आणि काकांच्या फेऱ्यांना धरबंध राहिलेला नाही. दुकानात ते मॉनिटर चालू करायला लावतात, मोबाइलवरून लाल, हिरवा, निळा, पांढरा, काळा असे पडदे टाकतात आणि भिंग लावून मेलेला ठिपका शोधतात. काळ्या पडद्याच्या वेळी दुकानातले दिवे घालवायला सांगतात, कोपऱ्यातून उजेड झिरपतो का ते बघायला. मग कार्डाची लांबी. तीन पंख्यांची कार्डं एक फुटाच्या आसपास असतात. कॅबिनेटमध्ये पुढे पंखा लावला की तेवढी जागा उरतेच असं नाही. काका खोकं न उघडता खोक्यावरचं माप मागतात, दुकानदार म्हणतो "बसेल की हो", आणि काका म्हणतात, "बसेल आणि बसलं यांच्यात टॉलरन्स किती?"

काकांच्या सल्ल्यातला सगळ्यात महागडा शब्द मात्र बॉटलनेक नाही. तो आहे 'थांबा'. माझा मेहुणा तळेगावला असतो; त्याला काकांनी 2021 मध्ये थांबायला सांगितलं. तेव्हा ते बरोबरच होतं. क्रिप्टो खणणाऱ्यांनी कार्डं उचलल्यामुळे भाव आभाळाला टेकले होते. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियमचं खाणकाम बंद झालं आणि वापरलेली कार्डं स्वस्तात बाजारात आली. मेहुणा उठला. काका म्हणाले, "हात लावू नका. तीन शिफ्ट चाललेलं मशीन आहे ते, आणि मेंटेनन्सचं रजिस्टर नाही." मग नवी मालिका येणार होती. मग ती आली, तर तिच्यात मेमरी कमी. आता एआयवाल्यांच्या डेटा सेंटरांनी मेमरीचे भाव चढवलेत. मेहुणा अजून थांबलाय. मध्ये त्याचं लग्न झालं, त्यात मात्र त्याने काकांना विचारलं नाही.

राग येतो. सुट्टीच्या दिवशी दुपारी झोपमोड करून "तुमच्या वायफायचा बॉटलनेक सापडला" म्हणणाऱ्या माणसाचा यायलाच हवा. पण तळमजल्यावरचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाणं अन्यायाचं होईल.

तळमजल्यावर एक ज्युनिअर मॅनेजर राहतो. काकांचा सल्ला धुडकावून त्याने आपल्या मनाने पस्तीस हजारांचं कार्ड आणि 165 हर्ट्झचा मॉनिटर आणला आणि सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. वर एक ओळ : 'नो बॉटलनेक'. टोला कुणाला होता ते सगळ्यांना कळलं. काही महिन्यांनी त्याच्या घरी सत्यनारायण होता. तीर्थप्रसाद घेऊन काका आणि मी आतल्या खोलीत डोकावलो. काकांनी आधी मागच्या बाजूला वाकून बघितलं. मॉनिटरची केबल कार्डात नव्हतीच, मदरबोर्डच्या पोर्टात होती. पस्तीस हजारांचं कार्ड इतके महिने नुसतं हजेरी लावून बसलेलं, आणि काम प्रोसेसरमधलं छोटं ग्राफिक्स करत होतं. "पर्मनंट बसलाय, कॉन्ट्रॅक्टवाला राबतोय," काका पुटपुटले. त्यांनी केबल काढून कार्डात लावली. मग सेटिंग उघडलं. मॉनिटर साठ हर्ट्झवर चालला होता; 165 आपलं आपण होतंच असं नाही, निवडावं लागतं. काकांनी निवडलं, खिडकी बंद केली, हात पुसले.

मी वाट बघत होतो. ग्रुपवर आता काय येतं! काहीच आलं नाही. बाहेर येऊन काकांनी यजमानांना सांगितलं, "मशीन उत्तम घेतलंयत हो." तो माणूस हल्ली सगळ्यांना सांगतो की नवीन ड्रायव्हर आल्यापासून कॉम्प्युटर फार छान चालतो. काका मान हलवतात.

वहिनींच्या पोराचं मशीन शेवटी एका बुधवारी रात्री उभं राहिलं. चोवीस इंची फुल एचडी, आयपीएस पॅनल, 144 हर्ट्झ, मधल्या दर्जाचं दोन पंख्यांचं कार्ड आणि डब्यावर लिहिलंय तेवढेच वॅट देणारा एसएमपीएस. म्हणजे तपकीर गल्लीतला पहिला दुकानदार पहिल्या दिवशी जे सांगत होता तेच. काकांनी पोराकडून प्रत्येक स्क्रू लावून घेतला, वायरी मागच्या बाजूने नेऊन टायनी बांधल्या, उरलेले स्क्रू डबीत भरून वर चिठ्ठी चिकटवली. मग पोराने ऑटोकॅड लावलं, म्हणजे गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावला. गाडी भन्नाट धावत होती. काका गाडीकडे बघतच नव्हते. कोपऱ्यात फ्रेमचा आकडा होता, त्यावर त्यांचे डोळे. 138, 141, 140.

"काका, आता बॉटलनेक कुठे?" पोराने विचारलं.

"कुठेच नाही," काका म्हणाले, आणि एवढं बोलून उठले.

जिना उतरताना मी सहज विचारलं, कंपनी इतक्या लवकर का सोडलीत? काकांनी व्हीआरएस घेतली हे माहीत होतं, कारण कधी विचारलं नव्हतं.

"सोडली नाही, साहेब. नवी लाइन बसवली. सेन्सरच सायकल टाइम घेतात, स्टॉपवॉच लागत नाही. मग वरून स्टडी आला, कुठल्या खात्यात माणसं जास्त आहेत. खाली शीट होतं. आमच्या खात्यासमोर माझं नाव."

"मग? तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलणार? शीटचा फॉरमॅट माझाच होता. मी बनवलेला, पंधरा वर्षांपूर्वी. त्या फॉरमॅटवर किती जणांना मी इकडून तिकडे हलवलं, किती जणांना घरी..." ते कठड्याला धरून थांबले. "रात्री बसून सगळा हिशोब तपासला. दोनदा. वाटलं, कुठेतरी बेरीज चुकली असेल."

"चुकली होती?"

"नाही हो. बरोबर होता हिशोब."

खालच्या मजल्यावर दिवा लागला. काकूंनी दार उघडून "अहो, साडेबारा झाले" म्हटलं. काका दोन पायऱ्या उतरले आणि पुन्हा वळले.

"तुमच्या मेहुण्याला सांगा, एवढ्यात कार्ड घेऊ नका म्हणावं. मी बघतोय भाव."